भोंगा बंद करू नका

गेल्या रविवारी आम्ही पुनावळ्याला थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. हायवेखालच्या भुयारी मार्गात नेहमीप्रमाणे अडकून पडलो आणि घामाघूम होऊन घरी पोचलो. जयभीम झाला, वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. एवढ्यात आतल्या खोलीतून मोठा भोंगा ऐकू आला. क्षणभर आम्हाला एखाद्या कंपनीची पाळी सुटल्यासारखे वाटले. पण पुनावळ्यात भोंग्याची कंपनी कुठली? एकेकाळी इथे शेते होती, आता टॉवर उभे आहेत.

वहिनी म्हणाल्या, "तुमच्या पुतणीचं विमान उतरतंय, भाऊजी. आत जाऊन बघा."

आमची पुतणी अकरावी सायन्सला आहे. खडकवासल्याच्या एन.डी.ए.मध्ये जायचे आणि लढाऊ विमान चालवायचे, हे तिने मनाशी धरले आहे. थोरल्या भावाने तिला जुना कॉम्प्युटर आणि विमानाचा दांडा आणून दिला आहे. त्यावर एफ-१६ या अमेरिकन लढाऊ विमानाचा हुबेहूब खेळ चालतो. याला निव्वळ खेळ म्हणून सोडून देता येत नाही. खऱ्या विमानातली बटणे, दिवे आणि आवाज त्यात बऱ्याच अंशी जसेच्या तसे आहेत.

आम्ही शेजारी बसलो. पडद्यावर धावपट्टी जवळ येत होती आणि भोंगा चालूच होता. पुतणीने शांतपणे एक बटण दाबले. भोंगा गप्प झाला. पुढच्याच क्षणी विमान धाडकन आदळले, शेपटीकडून ठिणग्या उडाल्या.

"असं दर वेळी होतं, काका," ती म्हणाली. "चाकं खाली काढलेली असतात, तिन्ही हिरवे दिवे लागलेले असतात, तरी हा वाजतोच. गेममध्येच काहीतरी खोट असणार. म्हणून मी आधी तो बंद करते, मग उतरते."

दारापाशी खुर्चीत बसलेले दादा इतका वेळ काही बोलले नव्हते. त्यांनी विचारले, "वाजतो म्हणून बंद करतेस, की कशाला वाजतो ते समजलं म्हणून बंद करतेस?"

पोरगी गप्प. आम्हीही गप्प. दादांनी उजवा हात मांडीवर ठेवला होता. त्या हाताला तीनच बोटे आहेत.

दादांची हकीकत पुढे सांगतो. आधी त्या भोंग्याचे कोडे सोडवू, कारण त्या दुपारी आम्ही तेच केले. विमानाची माहितीपुस्तिका उघडली आणि काका-पुतणी दोघे शाळकरी मुलांसारखे वाचीत बसलो.

पहिली गोष्ट समजली ती ही की, भोंगे दोन आहेत आणि पोरगी दोन्हींना एकच समजत होती. एक वाजतो तुटक, थांबून थांबून. दुसरा वाजतो सलग.

तुटक भोंगा चाकांचा. विमान १०,००० फुटांच्या खाली आहे, वेग १९० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ३५० किलोमीटरच्या खाली आला आहे, विमान मिनिटाला २५० फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली येत आहे आणि तरी चाके नीट बाहेर आलेली नाहीत, असे सगळे एकदम जमून आले की तो वाजतो. "बाबा रे, तू उतरायला निघालास, पण पाय पसरले नाहीस," एवढेच त्याचे म्हणणे. चाके निघून घट्ट बसली की तीन हिरवे दिवे लागतात आणि तो थांबतो. पुतणीचे दिवे लागलेले होते. तेव्हा तिच्यावर ओरडणारा भोंगा हा नव्हेच.

तिच्यावर ओरडत होता सलग भोंगा. तो कोनाचा. हा कोन म्हणजे काय, ते वाचकांनी घरबसल्या समजून घ्यावे. एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, पण लहानपणी सर्वांनीच काढलेला असतो. तळवा आडवा धरला तर वारा कापीत हात सरळ राहतो. तळव्याची पुढची कड थोडी वर केली की वारा हात उचलतो. आणखी वर केली की आणखी उचलतो. पण एका मर्यादेनंतर उचलणे संपते आणि वारा हात नुसता मागे ढकलतो. विमानाच्या पंखाचे नेमके असेच आहे. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यामधला कोन वाढवीत नेला की आधी उचल वाढते, मग पंख दगा देतो.

एफ-१६ उतरताना हा कोन साधारण ११ अंश ठेवायचा, जमिनीला टेकताना फार तर १३. चाके खाली असताना तो १५ अंशांना पोचला की सलग भोंगा वाजतो. कारण एवढे नाक वर असले की विमानाची शेपूट, म्हणजे इंजिनाचे मागचे तोंड, धावपट्टीला घासते. शिवाय वेग मरत आलेला असतो, तो वेगळाच धोका. पडद्यावर ज्या ठिणग्या उडाल्या त्या याच्याच.

यावर आमच्या मनात शंका आली, ती वाचकांच्याही मनात येईल. नुसता वेग पाहून का उतरू नये? त्याचे उत्तर असे की, योग्य वेग दर वेळी वेगळा असतो. टाकी भरलेली असेल तर विमान जड, त्याला उतरताना जास्त वेग हवा. टाकी रिकामी असेल तर हलके, त्याला कमी वेग पुरतो. योग्य कोन मात्र तोच राहतो. म्हणून वैमानिकाच्या डोळ्यांसमोर, काचेच्या डाव्या बाजूला तीन लहान दिवे एकाखाली एक बसवलेले आहेत. मध्ये हिरवे वर्तुळ, म्हणजे ठीक आहे. वर लाल बाण, त्याचे टोक खाली, म्हणजे नाक खाली घे, मंद झाला आहेस. खाली पिवळा बाण, त्याचे टोक वर, म्हणजे नाक वर घे, वेग फार आहे. वाचता न येणाऱ्यालाही समजेल अशी ही खूण आहे.

पुतणीची चूक आता उघड झाली. जमीन जवळ आली की ती घाबरून दांडा मागे ओढीत होती. नाक वर केले की विमान वर राहील, असे तिला वाटे. प्रत्यक्षात कोन वाढे, वेग मरे आणि विमान अधिकच खाली बसे. अशा वेळी इंजिनाचा जोर वाढवायचा असतो, दांडा ओढायचा नसतो. भोंगा तिला हेच सांगत होता आणि ती त्याचेच तोंड बंद करीत होती.

आवाजाने सावध करण्याची ही पद्धत खऱ्या विमानांत जुनी आहे. लढाऊ विमानांत भोंग्यांबरोबर माणसाचा, बहुधा बाईचा, आवाजही असतो. इंधन ठरल्या पातळीखाली गेले, जमीन फार जवळ आली, असे तो बोलून सांगतो. रशियन विमानांतल्या अशा आवाजाला वैमानिकांनी लाडाने 'रीटा' हे नाव दिले. भारताची पहिली सुखोई विमाने १९९७ साली आपल्या लोहगावलाच दाखल झाली. त्याच लोहगावहून २५ नोव्हेंबर २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील सुखोईत बसून उडाल्या. वय होते ७४. पुढे २०१८ साली अवनी चतुर्वेदी यांनी एकटीने मिग-२१ उडवून दाखवले. लढाऊ विमान एकटीने चालवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. एन.डी.ए.ची दारेही २०२२ पासून मुलींना उघडली आहेत. आमच्या पुतणीचे स्वप्न हवेतले नाही, ते याच जिल्ह्यातले आहे.

असो. आता दादांची हकीकत.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी दादा चाकण भागातल्या एका प्रेसशॉपमध्ये ऑपरेटर होते. पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येणार, माल काढायचा, पुन्हा पत्रा. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाच्या किरणांचा पडदा बसवलेला होता. हात मध्ये आला की किरण तुटतो, मशीन जागच्या जागी थांबते आणि बझर वाजतो. योजना उत्तम. पण तेलाचे शिंतोडे उडून त्याची काच मळे आणि हात मध्ये नसतानाही बझर वाजे. पाळीत दहा-वीस वेळा. दर वेळी मशीन थांबे, दर वेळी माल मागे पडे. दादांनी सुपरवायझरला दोनदा सांगितले. उत्तर मिळाले, "वाजू दे, चालू ठेव." शेवटी एका दिवशी फिटरने एक वायर जोडून पडदाच बायपास केला. बझर थांबला. सगळ्यांना बरे वाटले. दादा म्हणतात, त्यांनाही बरे वाटले.

नवव्या दिवशी, दुसरी पाळी संपायला थोडाच वेळ उरला असताना, पत्रा वाकडा बसला. तो सरळ करायला दादांनी हात घातला. मशीन थांबले नाही.

"काच पुसायला फडकं पुरलं असतं," दादा त्या दिवशी पुतणीला म्हणाले. "दहा मिनिटांचं काम. पण आम्ही काच पुसली नाही, आवाज पुसला."

आम्ही सख्खे भाऊ. पण हे वाक्य आम्हीही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

वाचकहो, यात केवळ एका प्रेसशॉपची गोष्ट नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानात १६६ माणसे होती, त्यांपैकी १५८ गेली. चौकशीत निघाले ते असे: विमान असायला हवे त्यापेक्षा बरेच उंचावर होते आणि भराभर खाली आणले जात होते. यंत्र धोक्याचा इशारा देत होते. सहवैमानिकाने तीन वेळा सांगितले की उतरणे सोडून पुन्हा वर जाऊ या. मुख्य वैमानिक उतरतच राहिले. धावपट्टी ८,००० फुटांची, पण विमान टेकले ते सुमारे ५,२०० फूट ओलांडून गेल्यावर. भोंगाही वाजला होता आणि माणूसही बोलला होता. दोन्ही ऐकले गेले नाहीत.

त्याआधी, १९७७ साली टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. एका विमानाच्या इंजिनिअरने ऐनवेळी शंका काढली होती की, समोरचे विमान अजून धावपट्टीवर तर नाही? मोठ्या हुद्द्याच्या कॅप्टनने ती उडवून लावली. अशा अपघातांनंतर जगभरच्या विमान कंपन्यांनी वैमानिकांना नवे शिक्षण देणे सुरू केले. कनिष्ठाने बोललेच पाहिजे आणि वरिष्ठाने ऐकलेच पाहिजे, हे त्या शिक्षणाचे सार. म्हणजे खालच्या माणसाचा आवाज हाही एक भोंगाच आहे, हे त्यांनी एवढी माणसे गमावल्यावर मान्य केले. आपल्या माणसांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. ज्याचे म्हणणे पिढ्यान् पिढ्या ऐकून घेतले गेले नाही, त्याला न ऐकण्याची किंमत ठाऊक असते.

खोटे वाजणारे भोंगे हीही मोठी अडचण आहे, हे नाकारून चालणार नाही. जमिनीशी टक्कर होण्याआधी सावध करणारे यंत्र डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या इंजिनिअरने तयार केले. १९७४ नंतर अमेरिकेने ते मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे केले. सुरुवातीची यंत्रे कारण नसताना ओरडत. बेटमन यांनी ती फेकून दिली नाहीत की गप्प केली नाहीत. खोटे का वाजते ते शोधीत वर्षानुवर्षे सुधारणा केल्या, पुढे त्यात जमिनीचा नकाशाही भरला. खोट्या भोंग्यावर उपाय आहे तो हा.

तेव्हा आपल्या बंधू-भगिनींना, विशेषतः भोसरी-चाकणच्या कारखान्यांत खपणाऱ्यांना, आमचे तीन शब्द. एक, भोंगा वाजला की आधी विचारा, हा कोणता आणि कशासाठी? दोन, तो खोटा वाजत असेल तर दुरुस्त करून घ्या, वायर तोडू नका आणि दुसऱ्याला तोडू देऊ नका. सांगितलेले लेखी द्या, तारीख घाला, एक प्रत घरी ठेवा. तीन, घरात लहान मूल किंवा सून काही खटकते म्हणून सांगत असेल तर "गप्प बस" म्हणण्याआधी दहा मिनिटे द्या.

त्या दुपारी पुतणीने आणखी सहा वेळा विमान उतरवले. चार वेळा सलग भोंगा वाजला. तिने बटणाला हात लावला नाही. दांडा सैल सोडला, इंजिनाचा जोर थोडा वाढवला, लाल बाण विझून हिरवे वर्तुळ लागले आणि भोंगा आपोआप थांबला. सहाव्या वेळी तो वाजलाच नाही. चाके टेकल्याचा हलका आवाज तेवढा आला.

पोरगी मागे वळून बापाकडे पाहू लागली. दादा म्हणाले, "आता कसा, सांगायची गरजच उरली नाही त्याला." आणि वहिनींना चहा टाकायला सांगून ते स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेले.