मनातील जुनी बाकी

इतवारीच्या बाजारपेठेत जमाखर्चाचा एक नियम कोणाला शिकवावा लागत नाही. मागील पानावरची बाकी पुढील पानावर ओढायची. वह्यांची जागा आता संगणकाने घेतली असली तरी नियम बदललेला नाही. व्यापारात तो आवश्यकच आहे. मनाच्या व्यवहारात मात्र तोच घातक ठरतो. एका अपयशाची, एका अपमानाची किंवा एका चुकीची बाकी वर्षानुवर्षे पुढे ओढणारा माणूस अखेर स्वतःलाच बुडीत खाती टाकतो. ‘माझ्या चुकीला क्षमा नाही’, ‘मी सर्वांना भार झालो आहे’ ही वाक्ये तो मनाशी इतक्या वेळा घोकतो, की पुढे ती त्याला स्वतःची समजूत न वाटता वस्तुस्थितीच वाटू लागतात.

ही व्यथा आता खाजगी राहिलेली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. यामागे कर्ज असते, आजार असतो, घरातील कलह असतो. सारा दोष माणसाच्या विचारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि संकट आणि सर्वनाश यांच्यामध्ये ‘आता मार्गच उरला नाही’ हा निष्कर्ष उभा असतो, आणि तो विचारांच्याच वाटेने येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता पीडित म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर दंडविधानातील जुने ३०९ वे कलम उरलेले नाही. शासनाने खटला मागे घेतला. पण माणसाने स्वतःविरुद्ध मनात चालविलेला खटला मागे कोणी घ्यावा?

आपल्याकडे असा माणूस डॉक्टरकडे जाण्यापूर्वी बहुधा देवाच्या दारी जातो. म्हणूनच श्रद्धा त्याला काय देते, हा प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा ठरतो. ख्रिस्ती श्रद्धेपुरते बोलायचे तर दोन टोकाची मते ऐकू येतात. प्रार्थनेने सर्व काही तत्काळ पालटते, असे एक पक्ष म्हणतो. ही सारी मनाची फसवणूक आहे, असे दुसरा. दोन्ही पक्षांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत.

रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला होते. इतवारीवरून पूर्वेला जाणारा लोहमार्ग राजनांदगावला पोहोचतो. त्याच राजनांदगावच्या प्रवासात १८९३ साली एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा संसार त्या दिवशी मोडला. परंतु त्यांच्या मनाची गोष्ट त्याही आधी सुरू होते. १८५७ च्या बंडानंतर एका आप्ताला फाशी झाली, आणि त्या आघाताने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून त्यांना चालत नसे. भयाने घडविलेल्या अशा घरात वाढलेल्या या स्त्रीला विटाळाची भीती रक्तात भिनल्यासारखी होती.

ती भीती कशी गेली? बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका क्षणात धुऊन गेली नाही. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे वियोगात गेली, मग एकत्र राहूनही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि उत्तर सापडल्यावर त्याप्रमाणे वागण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. म्हणजे आधी खोट्या समजुतीची तपासणी, मग कृती, आणि या सर्वांना आधार देणारी नवी श्रद्धा, असा हा क्रम आहे. टिळकांचा तापट स्वभावही धर्मांतराने नाहीसा झाला नाही. लक्ष्मीबाईंनी तो हसतखेळत, काहीही न लपविता सांगितला आहे. श्रद्धेने माणूस नवा होतो, पण तो हळूहळू होतो.

मनाला उपदेश करण्याची परंपरा मराठीला नवी नाही. समर्थांचे मनाचे श्लोक घरोघरी पाठ होते. ख्रिस्ती विचाराचा विशेष भर आहे तो क्षमेवर. प्राचीन इस्राएलात दर सातव्या वर्षी ऋण सोडून देण्याचा नियम होता. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेतही पापासाठी ऋणाचीच उपमा आहे. आपले ऋण सोडले गेले आहे, असे ज्याला मनापासून पटते, त्याला स्वतःकडून रोज वसुली करण्याचे कारण उरत नाही. पौलाने रोमच्या मंडळीला सांगितलेले मनाचे नवीकरण ते हेच होय.

परंतु येथेच मोठा धोका आहे. खिन्नतेने ग्रासलेल्या माणसाला ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असे सांगणारा उपदेशक त्याच्या खात्यावर आणखी एक ऋण चढवितो. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने प्रथम प्रवचन दिले नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून जेवू घातले. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे सांगून शिष्यांची सोबत मागितली. मग ती खिन्नता अविश्वासाची खूण कशी मानावी?

तेव्हा चर्च असो वा अन्य कोणतेही श्रद्धास्थान, त्याचे कर्तव्य स्पष्ट आहे. तेथे माणसाला आपली व्यथा निर्भयपणे बोलता आली पाहिजे, आणि आजाराचे लक्षण दिसताच त्याला उपचाराकडे नेले पाहिजे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के होते. नागपुरात शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने समुपदेशन मिळते. औषध घेणाऱ्याची श्रद्धा उणी नसते. आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग ती कोणत्याही देवाच्या नावाने होवो.

हिशेबात मुरलेल्या इतवारीला एक गोष्ट नेमकी ठाऊक आहे. काही येणी वसूल होत नाहीत. ती सोडून दिल्यावाचून पेढी पुढे चालत नाही. स्वतःच्या मनाशी इतके औदार्य दाखविण्याचे बळ जी श्रद्धा देईल, ती माणसाला तारील. जी त्याच्या वहीत नवी बाकी लिहील, ती कितीही मोठ्या आवाजात प्रार्थना करो, त्याला बुडवील.