स्टिकरवरचे साडेचारशे वॅट

मुलांनो, घरातला कॉम्प्युटर बंद पडला की पहिलं वाक्य कोणतं ऐकू येतं? “तूच काहीतरी केलंस!” रात्री तो छान चालू होता, सकाळी बटण दाबलं तर दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही. मग दुरुस्तीवाले काका येतात, मागून-पुढून बघतात आणि म्हणतात, “एसएमपीएस गेलाय. नवीन टाकावा लागेल.” बाबा किंमत विचारतात. “सहाशेपासून अडीच हजारांपर्यंत आहेत. कोणता टाकू?” आणि इथे सगळं घर गप्प होतं.

सहाशेवाल्यावरही ४५० वॅट लिहिलेलं आणि अडीच हजारवाल्यावरही ४५० वॅटच लिहिलेलं. मग जास्त पैसे कशाला द्यायचे? प्रश्न अगदी रास्त आहे. चला, वही-पेन्सिल घ्या. आज थोडं गणित आहे बरं का, पण चौथीच्या मुलाला जमेल इतकंच.

एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. कॅबिनेटच्या पाठीमागे जिथे आपण जाड काळी वायर खोचतो, तो पत्र्याचा डबा. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची आणि सारखी दिशा बदलणारी असते. कॉम्प्युटरच्या आतल्या नाजूक मंडळींना ती सोसत नाही. त्यांना एकाच दिशेने वाहणारी, १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज लागते. हा डबा तशी वीज तयार करून रंगीत तारांमधून वाढतो. पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, लाल तारेत ५, नारिंगी तारेत ३.३ आणि काळी तार परतीची. (काही नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच तारा काळ्या असतात, तेव्हा रंगावरून पैज लावू नका.)

आता लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. आचारी म्हणतो, “साडेचारशे पानांचा स्वयंपाक केलाय.” पंगत बसली आणि बघतो तर काय, चटणी-कोशिंबीर पातेली भरभरून, भात मात्र दीडशे पानांपुरता! स्वस्त एसएमपीएसची हीच तऱ्हा असते. साधारण २००० सालानंतरचे कॉम्प्युटर आपली बहुतेक भूक १२ व्होल्टवर भागवतात. तोच त्यांचा भात. ५ आणि ३.३ व्होल्ट त्यांना तोंडी लावण्यापुरते पुरतात.

हे स्टिकरवरून ओळखता येतं. डब्याच्या कुशीवर एक तक्ता छापलेला असतो. त्यात प्रत्येक व्होल्टपुढे अँपिअर दिलेले असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. समजा सहाशेवाल्या डब्यावर असं लिहिलंय : १२ व्होल्ट १४ अँपिअर, ५ व्होल्ट २५ अँपिअर, ३.३ व्होल्ट २० अँपिअर. गुणाकार करा. १६८, १२५ आणि ६६. बेरीज ३५९. बाकीच्या बारीकसारीक ओळींचे पंधरा-सोळा वॅट मिळवले तरी ३७५. मग वर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ४५० मधले ७५ वॅट गेले कुठे? ते फक्त शाईत आहेत! प्रामाणिक ४५० वॅटच्या डब्यावर एकट्या १२ व्होल्टपुढे ३५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. म्हणजे भातच ४२० वॅटचा. आणि ज्या डब्यावर हा तक्ताच नाही, तो मी तरी फुकटही घेणार नाही.

आता मोठी गंमत पुढेच आहे. आपल्या कॉम्प्युटरला मुळात लागतं किती? आमच्या शाळेत लोकवर्गणीतून आलेला एक कॉम्प्युटर आहे. त्याचा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला होता. प्रोसेसर ६५ वॅट, मदरबोर्ड आणि मेमरी मिळून ३०, हार्ड डिस्क १०, पंखे-माऊस-कीबोर्ड मिळून १०. झाले ११५. सुरू होताना हार्ड डिस्क क्षणभर जास्त ओढते, म्हणून १३० धरू. आणि हे सगळं एकाच वेळी पूर्ण जोरात चाललं तर! नुसतं चित्र काढताना किंवा निबंध टाइप करताना याच्या निम्मंसुद्धा लागत नाही.

एक चुणचुणीत मुलगी लगेच म्हणाली, “बाई, मग १६८वाला पण पुरेल की!” कागदावर पुरेल, अगदी बरोबर. म्हणूनच माझं म्हणणं असं, की मोठ्या आकड्याच्या मागे लागूच नका. साध्या कॉम्प्युटरला खरा ३०० वॅटचा डबा सुद्धा भरपूर झाला. पैसे मोजायचे ते आकड्यासाठी मोजायचे नाहीत, डब्याच्या आत काय आहे त्यासाठी मोजायचे.

आत काय असतं? चांगल्या एसएमपीएसमध्ये राखणदार असतात. कुठे शॉर्ट सर्किट झालं, ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट निघू लागले किंवा ओझं फार झालं, तर तो स्वतः बंद पडतो आणि मदरबोर्ड वाचतो. अगदी स्वस्त डब्यात किंमत खाली आणण्यासाठी हेच भाग गाळलेले किंवा नावापुरते असू शकतात. असा डबा मरताना एकटा मरेलच असं नाही. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क बरोबर नेऊ शकतो. मदरबोर्ड पैशांनी परत येईल. हार्ड डिस्कमधले आजोबांचे फोटो आणि ताईचा प्रोजेक्ट कुठून आणणार? आपल्याकडे वीज जाते, येते, येताना कधी झटका देऊन येते. अशा ठिकाणी राखणदार हवाच.

दुसरी खूण आहे ‘८० प्लस’ची. ही पद्धत २००४ साली अमेरिकेत सुरू झाली. साध्या भाषेत, भिंतीतून घेतलेल्या १०० वॅटपैकी निदान ८० वॅट कॉम्प्युटरपर्यंत पोचले पाहिजेत. उरलेल्यांची उष्णता होते. कॉम्प्युटरला १०० वॅट लागत असतील, तर ८० टक्केवाला डबा भिंतीतून १२५ घेईल, ६५ टक्केवाला जवळजवळ १५४. फरक २९ वॅट. रोज पाच तास, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे सव्वाचार युनिटपेक्षा थोडं जास्त. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याला ३५ रुपये, वर्षाला चारशेच्या वर. हा हिशेब बाबांना दाखवाच! खेरीज भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि आर अक्षरापासून सुरू होणारा नंबर आहे का ते बघा. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो नंबर टाकला की नोंदणी खरी की खोटी ते कळतं.

“पण बाई, दोन-अडीच हजार नाहीतच हो!” असंही कुणाच्या घरी असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय किंवा तालुक्याच्या गावातलं दुकान काय, कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या जुन्या ब्रँडेड कॉम्प्युटरचे भाग विकायला असतात. त्यातला २४० किंवा ३०० वॅटचा वापरलेला एसएमपीएस, निनावी नव्या ४५०वाल्यापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो. त्यावरचे आकडे सहसा खरे असतात. अट एवढीच, की तारखेचं लेबल बघायचं, फार म्हातारा घ्यायचा नाही, आणि दुकानातच चालवून दाखवायला सांगून थोडे दिवस बदलून देण्याचं लेखी घ्यायचं. एक मेख मात्र आहे. काही ब्रँडेड डब्यांचा आकार आणि जोडण्या निराळ्या असतात. म्हणून आपला जुना डबाच पिशवीत घालून दुकानात न्यावा. नेहमीचा एटीएक्स डबा १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो, मोठी जोडणी २४ पिनांची असते, आणि प्रोसेसरसाठी वेगळी ४ पिनांची असते. नवा डबा लावल्यावर पंखा फिरतोय पण पडदा काळाच, असं झालं तर पुष्कळदा ही चार पिनांची जोडणीच विसरलेली असते.

खरेदीला निघण्याआधी दोन फुकटची कामं करा. त्याच प्लगवर मोबाइलचा चार्जर लावून बघा, वीज येते का? मग मॉनिटरची वायर काढून कॅबिनेटला लावा. ती बहुतेक वेळा तशीच असते. वायरच खराब निघाली तर शंभर-दीडशेत काम होतं. तरीही चालू झाला नाही, तर काकांना दुसरा चालता एसएमपीएस पाच मिनिटं लावून बघायला सांगा. मदरबोर्डच गेला असेल तर नवा डबा घेऊन उपयोग काय?

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का, तेही आठवून सांगा. येत असतील तर प्लगला अर्थिंग नाही, असा दाट संशय घ्यायचा आणि वायरमनला बोलवायचं. अर्थिंग नसेल तर अडीच हजारांचा डबा लावूनही मुंग्या येतच राहतील.

तार काढणं, खोचणं हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊन आणि प्लग भिंतीतून उपटूनच करायचं. आणि जुना एसएमपीएस आत काय आहे म्हणून उघडून बघायचा नाही म्हणजे नाही! आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२० व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ तिथेच दबा धरून बसते. आत कसं दिसतं याची फारच उत्सुकता असेल, तर पंख्याच्या जाळीतून बॅटरीचा उजेड पाडून बघा. तांब्याच्या तारांची गुंडाळी दिसेल, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतील, आणि बहुतेक घरांत वर्षानुवर्षांची धूळही दिसेल.