धन्याच्या नावानं

१७८४ च्या अखेरीस महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमकडून ‘वकील-इ-मुतलक’ हे पद पदरात पाडून घेतलं. बादशहाच्या वतीनं सल्तनतीचा सगळा कारभार पाहणारा, तो वकील-इ-मुतलक. पद पेशव्यांच्या नावानं, महादजी त्यांचे नायब. पेशवे म्हणजे सवाई माधवराव, वय वर्षं दहा. पुण्यात त्यांच्या वतीनं कारभार हाकत होते नाना फडणवीस. आणि पेशवे तरी कोण? साताऱ्याच्या छत्रपतींचे मुख्य प्रधान, म्हणजे कागदोपत्री चाकरच. दिल्लीपासून साताऱ्यापर्यंतच्या या उतरंडीत उत्तरेत फौजा घेऊन उभा असलेला माणूस एकच होता, आणि तो स्वतःला नुसतं ‘पाटील’ म्हणवून घेत होता.

दुसऱ्याच्या वतीनं काम पाहणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे ती उगाच नाही. नायब, वकील, मुतालिक, मुखत्यार, गुमास्ता, कारभारी, दिवाणजी, अडत्या, दलाल, मुकादम. यातले बरेचसे फारसी-अरबीतून आले, दप्तरात रुळले, काही आडनावं होऊन बसले. या शब्दांचा इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: धनी जितका दूर, लहान किंवा दुबळा, तितकं त्याच्या माणसाचं वजन जास्त.

‘प्रतिनिधी’ हे पदच अशा अडचणीतून जन्माला आलं. राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला असताना त्यांनी प्रल्हाद निराजींसाठी ते निर्माण केलं आणि त्याचा मान पेशव्यांच्याही वर ठेवला. पुढे हे पद परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात स्थिरावलं, आणि याच घराण्यानं १९४८ पर्यंत औंध संस्थानावर राज्य केलं. गंमत अशी की सिंहासनावर बसलेला राजा आडनावानं ‘पंतप्रतिनिधी’! सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले भवानराव याच घराण्यातले.

मोठ्या प्रधानांना पुन्हा आपले मुतालिक असत. प्रधान स्वारीवर गेला की शिक्का मुतालिकाच्या हाती. पण मुतालिक म्हणजे केवळ सह्या करणारा हात, असं समजायचं कारण नाही. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी १७५० मध्ये सांगोल्याला थेट पेशव्यांविरुद्ध उठाव केला आणि तो मोडायला सदाशिवरावभाऊंना फौज घेऊन जावं लागलं. प्रतिनिधीचा प्रतिनिधी, आणि त्याच्यावर स्वारी.

‘वकील’ म्हटलं की आज काळा कोट डोळ्यांपुढे येतो. पेशवाईत वकील कोर्टात नव्हे, परक्या दरबारात उभा राहायचा. दिल्लीला हिंगणे, निजामाकडे काळे. त्यांनी कान उघडे ठेवायचे, कोण कोणाला भेटलं ते कळवायचं, धन्याची बाजू मांडायची आणि पुण्याहून उत्तर येईपर्यंत वेळ मारून न्यायची. या शेवटच्या कामात आजचे वकीलही कमी नाहीत म्हणा. इंग्रजी अमलात शब्द न्यायालयात गेला आणि तिथेच राहिला. वकिलाला नेमणाऱ्या कागदाला मात्र अजूनही ‘वकीलपत्र’च म्हणतात.

मुखत्याराचं नशीब तेवढं बलवत्तर नव्हतं. १८७९ च्या कायद्यात वकिली करणाऱ्यांमध्ये मुखत्यार हा वेगळा वर्ग होता. आता तो उरलाय कुलमुखत्यारपत्रापुरता. अमेरिकेतला मुलगा पुण्यातला फ्लॅट विकायला भावाच्या नावे असं पत्र करून देतो, तेव्हा भावाची सही ती मुलाचीच सही मानली जाते. अधिकार इतका मोठा, पण साधारणपणे देणारा वारला की तोही संपतो. जमिनीच्या व्यवहारांत मात्र या कागदाला लोकांनी खरेदीखताचाच धाकटा भाऊ करून टाकलं होतं: मुद्रांक शुल्क वाचवायचं, नोंदणी टाळायची, कुलमुखत्यारपत्रावर जमीन ‘विकायची’. अशा कागदानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगावं लागलं.

गुमास्त्याची गोष्ट वेगळीच. पेढीच्या मालकाचा माणूस तो गुमास्ता. आज मुंबईत दुकान थाटणारा धावतो ते ‘गुमास्ता लायसन’ काढायला. कायद्याचं नाव दुकाने आणि आस्थापना, तोंडी मात्र गुमास्ता. दुकानात मालक एकटाच, नोकर एकही नाही, तरीही कागद गुमास्त्याचाच.

दलालाची तर शिवी झाली. ‘धन्याला धत्तुरा आणि चाकराला मलिदा’ ही म्हण मधल्या माणसाविषयीचा जुना संशय सांगते. भाजीबाजारात अडत, म्हणजे अडत्याची दलाली, वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापली जायची. अडत्या माल विकणार शेतकऱ्याचा, पण त्याची रोजची ऊठबस खरेदीदाराशी. २०१६ मध्ये सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले.

मुकादमाचा प्रश्न याहून अवघड. ‘पेशवा’ आणि ‘मुकादम’ दोघांचाही मूळ अर्थ पुढे असलेला माणूस. जुन्या वतनी कागदांत गावचा पाटील ‘मोकदम’ म्हणूनच येतो. आज बीडच्या ऊसतोड मजुराला तो दिसतो उचल देणारा म्हणून. मुकादम कारखान्याकडून पैसे उचलतो, पावसाळ्यातच कोयत्यांना वाटतो (नवरा-बायको मिळून एक कोयता) आणि हंगामाला टोळी फडात उतरवतो. टोळी पळाली तर कारखाना त्याला धरतो. हिशेब चुकला तर टोळी. तो कारखान्याचा माणूस की मजुरांचा, याचं उत्तर मजुरीच्या करारातही मिळत नाही. तोडणीच्या दराशेजारीच तिथे मुकादमाच्या कमिशनचा टक्का ठरतो, आणि मजूर, वाहतूकदार, मुकादम अशी तिन्ही नावं कित्येकदा एकाच संघटनेच्या पाटीवर असतात.