होल्डरपाशी किती व्होल्ट?

"लाइट मारत नाही, मोठा बल्ब टाका." गॅरेजात हे वाक्य रोजचंच. मग बुलेटमध्ये ६०/५५ वॅटच्या एच-४ ऐवजी १००/९० वॅटचा बल्ब बसतो. होल्डर जुनाच, वायरिंग जुनंच. पुढे होल्डरचं प्लास्टिक वितळलं की शिव्या खातो बल्ब.

१२ व्होल्टवर १०० वॅटचा अप्पर सव्वाआठ अँपिअर ओढतो. एवढा करंट इग्निशन स्विच आणि हँडलवरचा डिपर स्विच असा वळसा घेऊन येतो. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरमागे सुमारे ०.०२३ ओहम. चार मीटर तार धरली तरी पाऊण व्होल्ट तिच्यातच जिरतो, आणि स्विचचे काळवंडलेले पॉइंट खातात ते निराळंच. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के पडलं, तर उजेड तीसेक टक्के घटतो. म्हणजे बऱ्याचदा दुखणं बल्बचं नसतंच.

तेव्हा आधी मीटर लावावा, तोही बल्ब पेटता ठेवून. बल्ब काढून होल्डरात प्रोब घातले की साडेबारा दिसतात आणि मेकॅनिक निर्धास्त होतो. पण करंटच वाहत नसेल तर घट दिसणार कुठून? एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा कपलरच्या मागून. आकडा अर्ध्या व्होल्टवर गेला, तर तार आणि जोड तपासायला घ्यावेत. अर्थिंगही असंच तपासावं. रंगावरच कसलेला अर्थचा लग आणि हँडल वळतं तिथे इन्सुलेशनच्या आत तुटलेले धागे, हे नेहमीचे गुन्हेगार.

उपाय जुनाच: अप्पर आणि डिपरला एकेक रिले, बॅटरीपासून दोन-अडीच चौरस मिलिमीटरची तार, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. जुना स्विच मग फक्त रिलेची कॉइल चालवतो. मात्र रिले लावल्याने चार्जिंग वाढत नाही. मॅग्नेटला झेपत नसेल, तर १०० वॅटचा बल्ब बॅटरीच उतरवेल.

जुन्या शंभर सीसी गाड्यांची गोष्ट वेगळी. रेस दिली की ज्यांचा दिवा उजळतो, त्यांतल्या अनेकांत हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर चालतो. तिथे साधा डीसी रिले थरथरतो आणि डीसीचा एलईडी लुकलुकतो किंवा जळतो. आधी कॉइल आणि आरआर युनिटचं जमवावं, मगच एलईडीची भाषा करावी.

या कामाला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाइकाला वरून काहीच दिसत नाही. आधीचा आणि नंतरचा आकडा मीटरवर दाखवून मजुरी बिलात वेगळी लावावी.