हिरव्या गुंत्याचे काम

सुटीनंतर आठवीतल्या एका मुलाने आम्हाला मोबाईलवर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी दाखवली. वर प्रवाळ आणि रंगीत मासे, खालच्या कप्प्यात दिव्याखाली हिरव्या तारांचा गुंता. ‘‘सर, एवढ्या महाग टाकीत शेवाळ मुद्दाम कशाला पाळतात?’’

प्रश्न आम्हाला लागला, कारण घरच्या साध्या टाकीच्या काचेवरचे शेवाळ आम्ही वर्षभर खरवडत होतो.

माशांच्या दाण्यांत फॉस्फरस असतो. उरलेले दाणे आणि विष्ठा कुजून त्याचे फॉस्फेट पाण्यात उतरते. ते वाढले की काच हिरवी होते, आणि प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा नीट वाढत नाही. म्हणून हे शौकीन फॉस्फेट लिटरमागे साधारण ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवू पाहतात. खालच्या कप्प्यातले कीटोमॉर्फा हे शेवाळ तेच फॉस्फेट खाऊन वाढते आणि काचेवरच्या शेवाळाची उपासमार होते. कप्प्यातला दिवा बहुधा रात्री लावतात, म्हणजे वरचा उजेड बंद असताना पाण्याचा आम्लपणा वाढत नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी शेवाळावर पाणी शुद्ध करून प्रवाळाची टाकी चालवून दाखवली होती.

मात्र शेवाळ फॉस्फेट नाहीसे करत नाही, अंगात साठवते. वाढलेला गुंता मूठ-मूठ काढून बाहेर टाकला तरच ते टाकीतून जाते. कॉलेर्पा नावाचे शेवाळ तर कधी कधी एका रात्रीत विरघळते आणि साठवलेले सारे पाण्यात परत सोडते.

वाशीमला एकबुर्जी धरणाचे पाणी येते. उन्हाळ्यात त्याची किंमत घरातल्या बायकांना विचारा. टाकीसाठी बादल्या ओतणे आम्हालाच बरे वाटेना. मग टाकीत हायड्रिला लावली, मनीप्लांटच्या फांद्यांची मुळे पाण्यात सोडली, आणि दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच टाकू लागलो. (धाकटीची चिमूट आमच्या मुठीएवढी असते, हे तेव्हा कळले.) दीड महिन्यात काच बरीच स्वच्छ राहू लागली. पुढे ईदला गावी गेलो, छाटणी राहिली, हायड्रिला खालून कुजली आणि पाणी पुन्हा हिरवे. चूक आमचीच. आता दर जुम्याला मूठभर काढतो आणि मोगऱ्याच्या कुंडीत घालतो. समुद्री शेवाळ मात्र मिठामुळे कुंडीत तसेच घालू नये.

मुलाला प्रवाळाचीच टाकी हवी होती. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे प्रवाळ आहेत. ते विकत घेणे गुन्हा आहे, हे त्याला सांगावे लागले. तो हिरमुसला. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, मोठा झाल्यावर तिथे जाऊन पाहा म्हटले.

सध्या त्याने बरणीत गप्पी मासे आणि हायड्रिला ठेवली आहे. किती काढली ते तो वहीत लिहितो.