पाटीवर गावाचं नाव लावायचं, तर पेरणीआधी कागद करा



मागच्या आठवड्यात आपल्या दूधवाल्यांच्या ग्रुपवर एका कृषी पदवीधर मित्रानं फोटो टाकला. पुण्यातल्या एका बिअरच्या हॉटेलातला. उंच ग्लास, वर फेस, मागं खडूनं लिहिलेली पाटी : ज्वारीची बिअर, थेट शेतातून. खाली मित्रानं लिहिलेलं, "भरडधान्याला नवी बाजारपेठ, शेतकऱ्यांनी संधी ओळखावी." त्याला पन्नासएक अंगठे आले. मी काहीच लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर शिवीच लिहिली असती. आता डोकं थंड झालंय, म्हणून हे लिहितोय.

ही हॉटेलं मला नवीन नाहीत. गेली सहा वर्षं आठवड्यातून दोनदा मी तिथं जातो, पण मागच्या दारानं. बिअर करताना सातूचं माल्ट भरडून कोमट पाण्यात भिजवतात, गोड पाणी काढून घेतात आणि खाली चोथा उरतो. तो माझ्या गाईंना. हजार लिटर बिअरमागं दोनशे किलोच्या आसपास ओला चोथा निघतो. वाळवून मोजला तर वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं. पण ओला असताना तीन हिश्श्यांपेक्षा जास्त पाणीच, त्यामुळं उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. मी गाईला दिवसाला आठ-दहा किलोच्या वर देत नाही, आणि सोबत कॅल्शियमचं खनिज मिश्रण देतोच, कारण चोथ्यात स्फुरद जास्त आणि चुना कमी. ज्यांना फुकटात मिळतोय म्हणून पाट्या भरून ओतायची सवय आहे त्यांनी हे जरा लक्षात घ्या.

पहिल्यांदा गेलो तो दिवस आठवतो. थंडीचे दिवस, सकाळचे सात. मागच्या बोळात ड्रम घेऊन उभा, आणि आतून वास आला तो थेट आमच्या स्वयंपाकघरातला. आई नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करायची, ते शिजताना यायचा तसाच. मी आतल्या पोराला तसं म्हणलं, तर तो हसला. म्हणाला, "काका, माल्ट म्हणजे तेच की. भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं." तिथनं आमची ओळख. पोरगा केमिकल इंजिनिअर, बिअर करायची म्हणून नोकरी सोडलेला. माणूस प्रामाणिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात तो आहे.

पुढच्या दारानं गेलो ते चारदा. त्यातल्या पहिल्या खेपेला त्यानंच बोलावलं. दारावरच्या माणसानं माझ्या चपलांकडं बघितलं, मग पोरगा धावत आला, "काका, आत या ना." आत एका बाजूला काचेमागं स्टीलच्या टाक्या, आपल्या दूध डेअरीच्या बल्क कूलरसारख्या, फक्त उभ्या. लोक त्या टाक्यांकडं बघत पितात. माझी पुतणी पुण्यातच शिकते, तिनं पाटी वाचून दाखवली. कुठली बिअर कुठल्या देशाच्या पद्धतीची, किती कडू, किती टक्के. तिनंच सांगितलं की पुण्यात हा प्रकार २००९ मध्ये 'डूलाली'नं सुरू केला, आणि ते नाव आपल्या नाशिकच्या देवळालीवरनं आलंय. इंग्रजांच्या काळी बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेले गोरे सोल्जर येडे व्हायचे, म्हणून इंग्रजीत डूलाली म्हणजे येडा. नाव आपल्याच गावाचं, पण गाव त्यात कुठंच नाही. तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

हो, मी चव घेतली. आमचे आण्णा माळकरी आहेत, ते फेसबुक बघत नाहीत, पण ही पोस्ट त्यांना वाचून दाखवणारे गावात चारजण आहेत. दाखवा. आण्णांना मी स्वतःच सांगितलंय.

त्या दिवशी पोरानं विचारलं, "काका, तुमची मालदांडी घालून बिअर करू का?" मी एक पोतं नेऊन दिलं. महिन्यानं दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा ती तयार होती. जराशी आंबूस, हलकी, चांगली होती. पाटीवर आमच्या गावाचं नाव. मी फोटो काढला, गावात दाखवला. आणि इथंच माती खाल्ली.

हॉटेलचे मालक म्हणाले, पुढच्या हंगामापासून महिन्याला पाच-सहा क्विंटल लागेल, तयारी ठेवा. कागद नाही, उचल नाही, भाव नाही, नुसतं तोंडी. मी चार शेजाऱ्यांना सांगितलं की व्यापाऱ्याला घालू नका, थांबा. त्यांनी माझ्या शब्दावर चाळीस क्विंटल थांबवली. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात मालकांनी कळवलं की मेनू बदललाय, आता आंब्याची बिअर आहे. आणि वर, तुमचा माल स्वच्छ नाही. पाऊस पडला, पोत्यांत सोंडे झाले, जूनमध्ये क्विंटलमागं पाचशे रुपये कमी घेऊन विकली. त्या चारांपैकी एकजण अजून माझ्याशी बोलत नाही. पाटीवरनं गावाचं नाव मात्र पुढं दोन महिने पुसलेलं नव्हतं. मी तिसऱ्यांदा गेलो तो तेवढ्यासाठीच, आणि खडूची पाटी माझ्या हातानं पुसून आलो.

माल स्वच्छ नव्हता हे खरं. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले होते, दाणा फुटला होता, पाच खळ्यांचा माल एकत्र झाला होता. माझी चूक मी मान्य करतो. पण राजस्थान-हरियाणात माल्टसाठी सातू लावतात तेव्हा आधी सांगितलेलं असतं : वाण हा, उगवण इतकी, प्रथिनं इतकीच. युरिया जास्त झाला, प्रथिनं वाढली, तर माल परत. शेतकऱ्याला पेरायच्या आधी माहीत असतं. मला कोणी काय सांगितलं होतं? "काका, मस्त ज्वारी आहे."

आता कृषी पदवीधर मित्रांनो, तुमच्याकडं वळतो. भाषण ठोकायच्या आधी हिशोब मांडा.

हजार लिटरला धान्य साधारण दोनशे किलो. ज्वारी त्यात तीस टक्के धरली, म्हणजे साठ किलो. ३५ रुपये किलोनं २१०० रुपये. लिटरला दोन रुपये दहा पैसे. ३३० मिलीच्या ग्लासात माझी ज्वारी झाली सत्तर पैशांची. त्या ग्लासाचं बिल साडेतीनशेच्या वर. आणि पाटीवर थेट शेतातून!

पुढचा हिशोब अजून कडू. एक हॉटेल महिन्याला दहा हजार लिटर करतं असं धरा, आणि सगळ्याच बिअरमध्ये तीस टक्के ज्वारी घालतं असंही धरा, जे कोणी करत नाही. वर्षाला ७२ क्विंटल. कोरडवाहू रब्बीत एकरी पाच क्विंटल धरली तर साडेचौदा एकर. अशी वीस हॉटेलं धरली तरी तीनशे एकर भरत नाहीत. आमच्या एका गावाची रब्बी त्याच्यापेक्षा मोठी आहे. ही बाजारपेठ आहे का? हे एका वाडीचं गिऱ्हाईक आहे. वाडीचं गिऱ्हाईक वाईट नसतं, पण त्याला वाडीचंच गिऱ्हाईक म्हणा.

शिवाय ज्वारी म्हणजे सातू नव्हे, हे तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. मला ते त्या पोरानं सांगितलं. ज्वारीचा स्टार्च सातूपेक्षा जास्त तापमानाला फुगतो, त्यामुळं ती वेगळी शिजवून घ्यावी लागते. मोड आणले तरी साखर करणारं एक विकर सातूच्या मानानं कमी निघतं. दाण्याला टरफल नाही, त्यामुळं गाळताना चिखल होतो. आणि मोडात धुरीन, म्हणजे कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं तेच विष. ते नीट वाळवून, कोंब-मुळ्या झाडून काढावं लागतं. खरिपात पावसात काळी पडलेली ज्वारी तर माल्टला चालतच नाही. तेव्हा आपल्याकडं ज्वारी मोड न आणता, शिजवून, सातूच्या जोडीला घालणं हाच धड मार्ग दिसतो. त्यासाठी उगवणक्षमता लागत नाही. स्वच्छ, सुका, एका खळ्याचा दाणा लागतो. हे एवढं आधी कळलं असतं तर माझे चाळीस क्विंटल वाचले असते.

आणि एक. सभेत कोणी तरी बुटक्या, पांढऱ्या, जास्त उत्पादनाच्या वाणाची शिफारस करतं. बाबांनो, आम्ही मालदांडी लावतो ती निम्मी कडब्यासाठी. गाईला बिअरवाला कडबा देणार आहे का?

जिथं हे खरोखर झालं तिथं कसं झालं ते बघा. नायजेरियानं १९८८ मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना झक मारत ज्वारी-मक्याकडं यावं लागलं. युगांडात २००२ मध्ये ईगल नावाची ज्वारीची बिअर आली. सरकारनं स्थानिक धान्य वापरलं तर कर कमी केला, कंपनीनं एपुरिपुर नावाचा एकच वाण शेतकऱ्यांकडनं करारानं लावून घेतला. पाटीवर खडूनं लिहून झालं नाही ते. केनियात सेनेटर नावाची स्वस्त बिअर अशाच करमाफीवर चालली आणि ज्वारीवाले तिच्यावर विसंबले. २०१३ मध्ये सरकारनं माफी निम्मी केली, बिअर महागली, खप कोसळला, आणि ज्वारीचे करार आटले. दोन वर्षांनी सवलत पुन्हा वाढवली, पण मधल्या दोन हंगामांचं काय?

आपल्या राज्यानं २००१ च्या धोरणात इथल्या द्राक्षांच्या वाइनला करात सवलत दिली. माझे साडू निफाडकडं आहेत. त्यांनी वाइनची द्राक्षं लावली, करार होता, साखर मोजून भाव होता, सगळं रीतसर. २००९-१० च्या सुमारास वाइनचा माल तुंबला, त्यांची वाइनरी बंद पडली आणि साडूंनी वेली मुळासकट काढल्या. म्हणजे कागद असूनही माणूस बुडतो. पण साडूंना निदान कोणाविरुद्ध तक्रार करायची ते माहीत होतं. मला तेही नव्हतं.

मग म्हणता, जाऊ दे ना, शेतकऱ्यानं दारूच्या नादाला लागूच नये. हेही मी ऐकून घेतलंय, हरिनाम सप्ताहात, चारचौघांत. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय आला तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला त्या लोकांशी भांडायचं नाही, दारूनं उठलेली घरं मीही बघितली आहेत, आमच्या भावकीत दोन आहेत. पण तुमचा ऊस जातो त्याच्या मळीचं काय होतं, ते त्यांनी एकदा कारखान्यावर जाऊन विचारावं. विरोध करायचा तर सगळीकडं करा. फक्त ज्वारीवाल्यानं चार पैसे मागितले की पाप, हे चालणार नाही.

चौथी खेप परवाची. त्या पोरानं मालकांना सोडलं, आता दुसऱ्या ठिकाणी आहे. त्यानं बोलावलं, आतल्या टेबलावर बसवलं, आणि पुन्हा विचारलं. या वेळी मी ग्लासाला हात लावला नाही, आधी वही काढली. अटी लिहून दिल्या आहेत. पेरणीआधी कागद. किती क्विंटल, कुठल्या महिन्यात उचलणार, ते आकड्यात. भाव उचलायच्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा क्विंटलला ठरलेली रक्कम जास्त, कारण स्वच्छता, वेगळी खळी आणि साठवण माझ्या खर्चानं. चतुर्थांश रक्कम आगाऊ. मेनू बदलला तर ती माझी. ओलावा आणि फुटका दाणा किती चालेल ते आत्ताच सांगा, माल आल्यावर नाही. चोथा ठरलेल्या दिवशी माझाच. आणि माल उचलल्याची पावती नसेल त्या महिन्यात आमच्या गावाचं नाव पाटीवर लावायचं नाही.

पोरगा म्हणाला, "काका, मालकांना विचारून सांगतो." मी म्हणलं, विचार.

आज २६ सप्टेंबर. वाफसा आलाय, बियाणं गंधक चोळून तयार आहे, तिफण सोमवारी धरायची. तोवर कागद आला तर विहिरीकडची चार एकर वेगळी ठेवणार, नाही तर नेहमीसारखी सगळी एकत्र. जो शेजारी बोलत नाही त्याला या वेळी मी काहीच सांगितलेलं नाही. ड्रम आणायला मात्र गुरुवारी जाणार आहे, मागच्या दारानं. कोणाला चोथा हवा असेल तर बुधवारपर्यंत सांगा, दोन ड्रम जास्त निघतील.