जून महिन्यात कुठे जाल? – शाहू जयंतीचं कोल्हापूर

शिरोळहून आपली माणसं कोल्हापूरला कधी जातात? दवाखाना, कोर्ट आणि लग्नाचा बस्ता. मीही वर्षानुवर्षं याच तीन कामांसाठी जात होते. गेल्या वर्षी 26 जूनला पहिल्यांदा काहीही काम नसताना गेले, सोबत बारावीतली मुलगी, धाकटा मुलगा आणि सासूबाई. यंदा तुम्हीही जावं म्हणून हे लिहिते आहे.

26 जून म्हणजे राजर्षी शाहू महाराजांची जयंती, राज्यात सामाजिक न्याय दिन. सकाळी दसरा चौकात पुतळ्याला हार घालायला सगळं गाव लोटतं. शाळांची मुलं लेझीम-ढोल घेऊन येतात. त्या आठवड्यात शाहू स्मारक भवनात व्याख्यान, प्रदर्शन असं काही ना काही असतंच. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वेळा पाहून निघा. व्याख्यानाला जायला निमंत्रण लागत नाही. हे मलाच माहीत नव्हतं, म्हणून सांगते.

जाताना जयसिंगपूरहून रेल्वेच बरी. जयसिंगपूर हे गावच शाहू महाराजांनी वसवलं आणि वडिलांचं नाव दिलं, हे मुलांना गाडीत सांगा. स्टेशनातून दसरा चौक पायी जवळ आहे. छत्री मात्र विसरू नका.

चौकात आधी मुस्लिम बोर्डिंग बघा. 1906 साली महाराजांनी शहरातल्या मुसलमानांना बोलावून शिक्षण संस्था काढायला लावली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. आपली मुलं शिकत नव्हती आणि राजाला त्याची काळजी वाटत होती, इतकी साधी गोष्ट. पुढे 1917 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड! सासूबाई म्हणाल्या, "मग आमच्या अब्बांना भरावा लागला असता." त्यांना चौथीतून काढलं होतं. पुढे त्या बराच वेळ गप्पच होत्या.

लहान मुलं असतील तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात न्या. ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्रॉन्झची छोटी मूर्ती तिथे आहे. पंचगंगेच्या काठी ग्रीक देव कसा आला, या प्रश्नाने धाकट्याने परतीच्या गाडीत जीव खाल्ला.

जोहरची नमाज जवळच्या मशिदीत होते. बायकांची सोय कुठे आहे ते मात्र आधी विचारून ठेवा. आमची त्या दिवशी पंचाईत झाली, शेवटी एका ओळखीच्या घरी मुसल्ला अंथरला.

दुपारी मी सगळ्यांना शिवाजी विद्यापीठात नेलं. खरं तर त्यासाठीच हा सगळा घाट होता. 1962 सालचं हे विद्यापीठ, आवार एवढं मोठं की सासूबाई दोनदा बसल्या. मुलीला तिथे इतिहास शिकायचा आहे. घरचं म्हणणं होतं, जयसिंगपुरात कॉलेज आहे की! आवारात वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे. (खांडेकर शिक्षक होते ते कोकणातल्या शिरोड्याला, आपल्या शिरोळला नव्हे. आमच्याकडे ही गल्लत पुष्कळांची होते.) 'ययाति'ला मिळालेल्या ज्ञानपीठाची हकीकत मुलगी आजीला समजावत होती. बाहेर आल्यावर झाडाखाली चार-पाच मुली डबा खात बसल्या होत्या, त्यांतल्या दोघींच्या डोक्यावर ओढणी. सासूबाई सरळ त्यांच्यात जाऊन बसल्या. कुठल्या गावच्या, राहता कुठे, रात्री दार कोण लावतं, जेवणात काय मिळतं, सगळं विचारून घेतलं. एकजण गडहिंग्लजची होती. तिने वसतिगृहाची वेळ, अर्ज कधी भरायचा, कागद कोणते, सगळं सांगितलं आणि आजीला अर्धी चपाती दिली.

परतीच्या गाडीत सासूबाईंनी मला एवढंच विचारलं, "रेशनकार्डाची झेरॉक्स लागते म्हणाली ना ती?"

यंदा मुलीचा बारावीचा निकाल लागलाय. 26 तारखेला आम्ही पुन्हा जातोय, कागदांची पिशवी घेऊन.